गिऱ्हाईकाचं इंग्रजी

परवा दिवेलागणीला ओटीवर बसले होते. शेजारची सातवीतली पोर वही घेऊन आली. "आजी, माझं पाठांतर घ्या ना. उद्या क्लासमध्ये म्हणून दाखवायचंय." क्लास म्हणजे इंग्लिश स्पीकिंगचा. आता आमच्या राजापुरातही असे क्लास निघालेत. विषय होता 'कपड्यांच्या दुकानात'. तिनं दोन्ही बाजू एका दमात म्हणून दाखवल्या :

"गुड मॉर्निंग मॅडम, मे आय हेल्प यू?"
"यस, आय वॉन्ट अ शर्ट."
"विच कलर, मॅडम?"
"ब्लू, प्लीज."
"हिअर इट इज."
"हाऊ मच?"
"फाइव्ह हंड्रेड रुपीज."
"हिअर यू आर. थँक यू!"

एक चूक नाही. पण मी म्हटलं, "अगं, शर्ट उलटा करून शिवण बघितली नाहीस, अंगाला लावून बघितला नाहीस, रंग जातो का विचारलं नाहीस, आणि पाचशे रुपये देऊन मोकळी? तुझी आई असं करेल का?" ती हसली. म्हणाली, "आजी, पुढे काही नाहीचए. इथेच संपतं."

इथेच संपतं! त्या दोन शब्दांनी माझी रात्र खाल्ली. म्हणून हे लिहितेय.

आधी स्वतःचं माप पदरात घालते. हा संवाद मी स्वतः वर्षानुवर्षं शिकवलाय. मी बी.ए. झाले मराठी माध्यमातून. इंग्रजी हा काही माझा विषय नव्हे. पण शाळेत कुणीतरी शिकवायचं, म्हणून पाचवी ते सातवीचे तास माझ्याकडे आले. पुढे २००० साली सरकारनं मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आणलं आणि सगळीकडे 'मुलांना बोलतं करा' सुरू झालं. मी हौसेनं दोन बाकं जोडून काउंटर करायची, घरच्या साड्या न्यायची आणि दुकान मांडायची. वर्ग खूष!

एक गोष्ट तेव्हा दिसत होती, पण तिचा अर्थ लागला नाही. प्रत्येक मुलाला गिऱ्हाईक व्हायचं असे. दुकानदार व्हायला कुणी तयार नसे. गिऱ्हाईकाकडे खोटे का होईना पैसे असत, आणि 'प्लीज', 'थँक यू' म्हणण्याचा रुबाब असे. शेवटी मीच एखाद्या गरीब पोराला दुकानदार करून बसवत असे.

आता आमच्या जवाहर चौकातल्या कापडाच्या दुकानात चला. तिथे आम्ही बायका काय बोलतो? पन्हा केवढा? सुती आहे की मिलावट? धुतल्यावर आटेल का? रंग पक्का आहे ना? काठ विरणार नाहीत ना? त्या ताग्यातलं दाखवा, हा वरचा उन्हानं फिकटलाय. मग भाव. मग दुकानदार म्हणणार, "काकू, परवडत नाही हो." मग आपण उठल्यासारखं करायचं. मग तो म्हणणार, "बसा हो, चहा सांगतो." पुढच्या आठवड्यात परकराचं कापड आटलं की पिशवीत घालून पुन्हा त्याच्याच दारात जायचं, आणि तो कुरकुरत का होईना, बदलून देणार.

खरेदीतली भाषा ही अशी असते. शंका घेणं, नाही म्हणणं, घासाघीस करणं, तक्रार करणं, आणि हे सगळं करून शेवटी नातं टिकवणं. इंग्रजीच्या धड्यात यातलं काय आहे? काहीच नाही. त्या संवादात कुणी कुणाला एकदाही 'नाही' म्हणत नाही. ते आठ वाक्यांत पैसे देऊन बाहेर पडायचं शिक्षण आहे, आणि ज्या आया घरखर्चातून काढून क्लासची फी भरतात, त्यांना आपण सांगतो की पोर इंग्रजी बोलायला लागली!

गंमत म्हणजे जिथे इंग्रजी बोलावं लागेल असं आपण म्हणतो, तिथे या आठ वाक्यांची गरजच पडत नाही. माझा एक भाचा अमेरिकेत असतो. तो म्हणाला, "मावशी, इथे दुकानात बोलायचं काय? किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असते, कपडा आपणच उचलायचा, पुष्कळ ठिकाणी पैसेही यंत्रालाच द्यायचे. तोंड उघडावं लागतं ते काही बिघडलं तरच." मुंबईच्या मॉलमध्येही तेच. म्हणजे आपला धडा जिथे संपतो, तिथून भाषेची गरज सुरू होते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. मघाशी म्हटलं ना, एखाद्या पोराला दुकानदार करून बसवत असे? त्यांतलाच एक मोठा होऊन मुंबईत कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात लागला. कामाला चोख, स्वभाव गोड. 'मे आय हेल्प यू' त्याला झोपेतही येत होतं. एक दिवस एक बाई धुतलेला कुर्ता घेऊन आल्या आणि इंग्रजीत तडतड बोलू लागल्या. कुर्ता आटला होता. 'श्रंक' हा शब्द याच्या कानावर आयुष्यात पहिल्यांदा पडला. हा नुसता 'सॉरी मॅडम, सॉरी मॅडम' करत राहिला. बाईंना वाटलं, हा उडवून लावतोय. प्रकरण वरपर्यंत गेलं. याला काउंटरवरून काढून मागे गोदामात घड्या घालायला बसवलं. विक्रीवर मिळणारे वरचे पैसे बंद.

गणपतीला गावी आला तेव्हा हसत हसतच सांगत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हां सगळ्यांना गिऱ्हाईक व्हायला शिकवलंत. आमच्यातले निम्मे काउंटरच्या पलीकडे उभे राहणार होते, ते कुणी ध्यानातच घेतलं नाही."

त्यानं दोष दिला नव्हता. पण मी घेतला.

आणि हे राजापुरात व्हावं? सतराव्या शतकात इंग्रज या गावात आला तोच मुळी गिऱ्हाईक म्हणून! मिरी, वेलदोडे, सुती कापड घ्यायला इथे त्यानं वखार घातली. भाषेची अडचण त्याची होती. दलाल आणि दुभाषे त्याला ठेवावे लागत. पुढे १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यानं शत्रूला तोफगोळे पुरवले, तेव्हा १६६१ मध्ये महाराजांनी राजापूरची वखार लुटली आणि रेव्हिंग्टन वगैरे साहेब कैद झाले. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी ऑक्झेंडन रायगडावर आला, तेव्हा याच वखारीच्या नुकसानीचं बोलणं झालं, आणि मध्ये दुभाषा होता नारायण शेणवी. तो इंग्रजांच्या बाजूचा, हे खरं. पण त्याची भाषा ही सौद्याची, अडवण्याची, तोडगा काढण्याची भाषा होती. 'ब्लू, प्लीज' एवढ्यावर त्याचं काय भागलं असतं?

कापडाच्या बाबतीत तर इंग्रजीनं आपल्याकडूनच शब्द नेले. कॅलिको हे कालिकतवरून, डंगरी हे मुंबईच्या डोंगरीवरून. ज्याला ते चिंट्झ म्हणतात, ते आमच्या लहानपणीचं परकराचं चीट. हे सांगून पोरीला म्हटलं, "घाबरतेस काय, निम्मं दुकान आपलंच आहे." डोळे मोठे झाले तिचे!

आता कुणी म्हणेल, बाईंना इंग्रजीचा राग आहे. मुळीच नाही. इंग्रजी यायलाच हवं, आणि पोटापुरतं नव्हे, भांडण्यापुरतं यायला हवं. मराठीच्या अभिमानावर मी आयुष्य काढलंय, पण अभिमानानं त्या मुलाला काउंटर परत मिळत नाही. २०२२ साली कायद्यात दुरुस्ती होऊन लहानमोठ्या सगळ्याच दुकानांना देवनागरी पाटी सक्तीची झाली, मला आनंदच झाला. पाटीखालच्या दारातून आत गेल्यावर आपलं पोर कुठल्याच भाषेत ठामपणे बोलू शकलं नाही, तर त्या पाटीचं काय करायचं?

म्हणून शिकवणाऱ्यांना माझी तीनच मागणी आहेत. एक, प्रत्येक मुलाला आळीपाळीनं दुकानदार करा. दोन, धडा पैसे दिल्यावर सुरू करा. कपडा आटला, रंग गेला, बिल हरवलं, माप चुकलं. सदोष माल परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, बिलात मुदत नसेल तर तीस दिवस धरावेत, असं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा सांगतो. हे मुलांना दोन्ही भाषांत बोलता आलं पाहिजे. तीन, संवाद आधी मराठीत करून घ्या. ज्याला मराठीत 'हे मला चालणार नाही' म्हणायची सवय नाही, तो इंग्रजीत काय म्हणणार?

त्या रात्री पोरीच्या वहीत मी पुढची चार वाक्यं लिहून दिली. शर्ट आटला, शिवण उसवली, बदलून द्या, नाहीतर पैसे परत करा. माझं व्याकरण भाच्याकडून फोनवर तपासून घेतलं, उगाच चुकीचं नको. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर म्हणाले, हे पुस्तकात नाही, एवढं नको."

असो. वही अजून तिच्याकडेच आहे आणि ती चार वाक्यं तिला पाठ आहेत.

तुमच्या घरात इंग्रजी शिकणारं कुणी असेल, अगदी इंग्रजी शाळेतलंही, तर आज जेवताना एवढंच विचारा : 'कपडा आटला, बदलून द्या' हे तू दुकानात कसं सांगशील? आणि दुकानदार असलास तर काय उत्तर देशील? काय म्हणतात ते मला जरूर कळवा.