क्षमा करणारे आम्ही कोण ?

लोकांनीं डोक्यावर घेतलेल्या माणसाचें पाप उघडकीस आलें म्हणजे समाजाच्या तोंडून दोन उद्गार ठरलेले असतात. पहिला, 'याला कधींहि क्षमा नाहीं !' आणि दहा-बारा वर्षें लोटल्यावर दुसरा, 'झालें गेलें गंगेला मिळालें. बिचाऱ्यानें पुष्कळ भोगलें!' उत्तेजक द्रव्यें घेऊन जिंकलेल्या आणि मागाहून पकडल्या गेलेल्या खेळाडूंविषयीं हा दुसरा उद्गार आतां वारंवार कानीं येतो. अमेरिकेचा सायकलपटु लान्स आर्मस्ट्राँग याच्यावर २०१२ सालीं आजन्म बंदी घालण्यांत आली, त्याला एक तप उलटून गेलें. 'आतां पुरे करा' असें म्हणणारे सज्जन आमच्याहि ओळखीचे आहेत. त्यांच्या अंतःकरणाच्या कोमलतेविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु शेजाऱ्याच्या कोठारांतलें धान्य काढून अन्नछत्र घालावें, तशी ही उदारता आहे असें आमचें स्पष्ट मत असल्यामुळें हा लेखनप्रपंच करीत आहों.

हकीकत थोडक्यांत अशी. 'टूर द फ्रान्स' ही आल्प्स व पिरेनीज पर्वतांचे घाट ओलांडीत तीन आठवडे चालणारी सायकलशर्यत. १९९६ सालीं कर्करोगानें मरणाच्या दारीं गेलेला आर्मस्ट्राँग तेथून परतला आणि १९९९ पासून २००५ पर्यंत लागोपाठ सात वेळां ही शर्यत जिंकला. जगानें त्याच्यांत मृत्युंजय पाहिला. पुढें २०१२ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेच्या उत्तेजकविरोधी संस्थेनें, त्याच्याच ११ माजी सोबत्यांच्या साक्षी जोडून, आपला सविस्तर निर्णय प्रसिद्ध केला. रक्तांतील तांबड्या पेशी वाढविणारें एरिथ्रोपोएटिन, टेस्टोस्टेरोन, आपलेंच रक्त काढून साठवून शर्यतीच्या वेळीं पुन्हां अंगांत चढविणें, असा तो सारा कारखाना होता. सातहि विजेतेपदें काढून घेण्यांत आलीं, आणि २०१३ च्या जानेवारींत दूरचित्रवाणीवर येऊन त्यानें गुन्हा कबूल केला.

त्याच्या कैवाऱ्यांचा पहिला मुद्दा असा कीं, त्या काळीं सारेच घेत होते. मग एकट्यालाच सुळीं कां द्यावें? यांत तथ्य नाहीं असें नाहीं. तीं सात विजेतेपदें दुसऱ्या कोणासहि न देतां कोरीं ठेवावीं लागलीं, कारण त्याच्या मागोमाग आलेल्यांपैकींहि कित्येकांचे हात स्वच्छ नव्हते. पण 'सारेच' या शब्दांत एक लबाडी दडलेली आहे. क्रिस्तोफ बासों नांवाचा एक फ्रेंच तरुण होता. १९९८ सालीं त्याचें फेस्तिना पथक औषधांच्या प्रकरणांत पकडलें गेलें, तेव्हां हा मात्र घेत नाहीं अशी ग्वाही त्याच्या सोबत्यांनींच दिली. पुढच्या वर्षीं दुसऱ्या पथकांतून टूरमध्यें उतरून तो वर्तमानपत्रांत लिहूं लागला कीं, रोग अजून गेलेला नाहीं. मग पुढारी स्पर्धकाचा पिवळा सदरा घातलेला आर्मस्ट्राँग चालत्या शर्यतींत त्याच्या शेजारीं आला आणि असें बोलायचें असेल तर चालता हो, असें त्याला सुनावून गेला. इतरांनीं त्याला वाळींत टाकलें. एकटा पडलेला बासों शर्यत अर्धी टाकून घरीं गेला, आणि २००१ सालीं त्यानें तो व्यवसायच सोडला. स्वच्छ माणसाला आधीं हांकून द्यावयाचें आणि मग उरलेल्यांकडे बोट दाखवून 'पाहा, सारेच सारखे' म्हणावयाचें, या युक्तिवादाला काय म्हणावें तें वाचकांनींच ठरवावें.

तथापि आमचा सर्व भर स्वच्छांवर नाहीं. ज्यानें पाप केलें त्याच्याविषयींच हा वाद आहे, म्हणून एका पाप्याचीच गोष्ट सांगतों. इटलीचा फिलिप्पो सिमेओनी यानेंहि उत्तेजकें घेतलीं होतीं. पण त्यानें तें न्यायालयांत कबूल केलें, डॉ. मिकेले फेरारी यानें तीं कशीं घ्यावयाचीं हें आपणांस शिकविलें अशी साक्ष दिली, आणि बंदीहि भोगली. हाच फेरारी आर्मस्ट्राँगचा सल्लागार होता. साहजिकच सिमेओनी खोटारडा ठरला. २३ जुलै २००४ रोजीं टूरच्या अठराव्या टप्प्यांत सिमेओनी मुख्य घोळक्यांतून निसटून पुढें गेलेल्या सहा जणांकडे निघाला. एकंदर क्रमांकांत तो इतका मागें होता कीं, त्याच्यापासून पिवळ्या सदऱ्याला तिळमात्र धोका नव्हता. तरीहि आर्मस्ट्राँग स्वतः त्याच्या मागें लागला. पुढच्या सहा जणांनीं ओळखलें कीं, हा आपल्यांत असेपर्यंत मागचा घोळका आपणांस सोडणार नाहीं. त्यांच्या विनंतीवरून सिमेओनी मुकाट्यानें मागें वळला, आणि त्याच्याबरोबर आर्मस्ट्राँगहि. घोळक्यांत सिमेओनीला शिव्या बसल्या, आणि कॅमेऱ्याकडे पाहून आर्मस्ट्राँगनें दोन बोटें ओठांवरून फिरवून तोंड शिवल्याची खूण केली !

दोघेहि एकाच दोषाचे धनी. एकानें तोंड उघडलें, दुसऱ्यानें दुसऱ्यांचीं तोंडें बंद केलीं. औषध घेतल्याचा दोष आमच्या मतें इतका मोठा नाहीं कीं, बंदीची मुदत भोगल्यावर मनुष्याला पुन्हां उभें राहूं देऊं नये. सिमेओनी पुन्हां शर्यतींत उतरला हें योग्यच झालें. पण आर्मस्ट्राँगचा हिशेब औषधाच्या बाटलीपाशीं संपत नाहीं. त्याच्याविषयीं संशय छापणाऱ्या लंडनच्या 'संडे टाइम्स'वर त्यानें खटला भरला आणि २००६ सालीं तडजोडींत पैसे घेतले; ते त्याला पुढें परत करावे लागले. त्याच्या पथकांत मालिश करणारी एमा ओरायली खरें बोलली, तेव्हां तिच्या चारित्र्यावर त्यानें चिखलफेक केली. खोटें टिकविण्यासाठीं खऱ्या माणसांचें जिणें नकोसें करणें हा दोष कोणत्याहि प्रयोगशाळेच्या तपासणींत सांपडत नसतो.

आतां क्षमेविषयीं. २०१३ सालीं आर्मस्ट्राँगनें एमा ओरायलीची भेट घेऊन तिची क्षमा मागितली. तिनें ती केली. इतकेंच नव्हे, तर पुढच्या वर्षीं निघालेल्या तिच्या पुस्तकाला त्याची प्रस्तावनाहि घेतली. ही क्षमा खरी, कारण देणारीचें कांहीं गेलेलें होतें. आमचें काय गेलें होतें ? फार तर काय, चार रात्री जागून टाळ्या वाजविल्या ! तेवढ्या भांडवलावर क्षमेचा अधिकार सांगणें म्हणजे निव्वळ हौस होय.

आणि क्षमा मिळाली म्हणून शिक्षा उठत नाहीं. क्षमा हा दोन माणसांमधला व्यवहार आहे. शिक्षा ही उद्यां आरंभरेषेवर उभ्या राहणाऱ्या अनोळखी मुलासाठीं राखलेली असते. साक्ष देणाऱ्या सोबत्यांपैकीं कित्येकांना सहा महिने आणि आपल्याला आजन्म, अशी त्याची तक्रार असे. सहा महिने थोडे होते, त्यांतूनहि ते हिवाळ्यांतच बव्हंशीं सरले, हें आम्हांसहि खटकतें. परंतु २०१३ सालीं त्याच्यापुढेंहि दार उघडें होतें : शपथेवर सर्व कांहीं सांगितल्यास बंदी आठ वर्षांपर्यंत खालीं येऊं शकेल, असें त्याला सुचविण्यांत आलें होतें. त्यानें नकार दिला. कुलुपाची किल्ली ज्यानें स्वतः विहिरींत टाकली, त्याच्यासाठीं आम्हीं दार फोडावें काय ? त्यानें कर्करोग्यांसाठीं संस्था काढून पुष्कळ द्रव्य उभारलें हें खरें, आणि त्याबद्दल रोग्यांनीं त्याला दुवा द्यावा. बासोंच्या हिशेबीं तें जमा होत नाहीं.

आमचा कठोरपणा सरसकट नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. जुन्या पूर्व जर्मनींत १९७४ पासून सरकारी योजनेनेंच कोंवळ्या मुलींना पौरुषग्रंथींच्या द्रव्यांसारख्या गोळ्या, जीवनसत्त्वें म्हणून, चारल्या गेल्या. कित्येकींचीं शरीरें कायमचीं बिघडलीं. त्यांना क्षमा करावी कीं नाहीं हा प्रश्नच निर्लज्जपणाचा आहे. तेथील क्रीडाखात्याचा प्रमुख मान्फ्रेड एवाल्ड याला २००० सालीं बर्लिनच्या न्यायालयानें दोषी ठरविलें, पण शिक्षा तहकूब ठेवली. तो एक दिवसहि तुरुंगांत गेला नाहीं. दयाळू मंडळींनीं आपला संताप अशा ठिकाणीं खर्चावा.

हा प्रश्न परदेशचा म्हणून सोडून देण्याची सोय आम्हां भारतीयांस राहिलेली नाहीं. जागतिक संस्थेनें प्रसिद्ध केलेल्या २०२३ सालच्या आंकड्यांत, पांच हजारांहून अधिक नमुने तपासणाऱ्या देशांमध्यें सदोष नमुन्यांचें प्रमाण भारतांतच सर्वांत मोठें, शेंकडा ३.८, निघालें. म्हणजे बंदी संपवून परतणारे पुष्कळ येणार, आणि त्यांच्या पुनरागमनाचे सोहळेहि छापले जाणार. ते छापणाऱ्या पत्रकर्त्यांना आमची एवढीच विनंती आहे कीं, त्या छायाचित्राशेजारीं, ज्याचें पदक त्या वेळीं हुकलें त्याचेंहि नांव छापावें, आणि त्याला काय वाटतें तें एकदां त्याच्या घरीं जाऊन विचारावें.