रूसोची वांटणी

आमच्या सुशिक्षित कुटुंबांत रूसोचें नांव ज्याच्या कानांवरून गेलें नाहीं असा मनुष्य विरळा. परंतु हा परिचय बहुधा एकाच ग्रंथाचा, आणि तोहि परीक्षेपुरता! १७६२ सालचा 'सामाजिक करार' राज्यशास्त्रज्ञांनीं उचलला. त्याच सालचा 'एमील' शिक्षणशास्त्राच्या वांट्यास गेला. विषमतेच्या उगमावरील निबंध तत्त्वज्ञांनीं नेला. राहतां राहिलीं दोन पुस्तकें, १७६८ चा संगीतकोश व पोलंडच्या राज्यव्यवस्थेवरील विवेचन. भाऊबंदांनीं वाडा वांटून घ्यावा आणि देवघर कोणाच्याच हिश्शास येऊं नये, तशी त्यांची गत झाली आहे. संगीत हा त्याचा छंद होता आणि पोलंड हें उतारवयांतलें भिडेचें काम, असें सांगून पंडित मोकळे होतात. हें मत आम्हांस साफ अमान्य आहे.

छंद म्हणे! जो गृहस्थ १७४२ सालीं, वयाच्या तिसाव्या वर्षीं, आंकड्यांची स्वरलिपि घेऊन पॅरिसच्या विज्ञान-परिषदेपुढें उभा राहिला, ज्यानें दीदरोच्या विश्वकोशांतील संगीतावरचे लेख लिहिले, आणि जो पुढें पानामागें दर ठरवून स्वरलेखनाच्या नकला करीत पोट भरीत असे, त्याचा संगीत हा छंद? त्या स्वरलिपीवर रामो या थोर संगीतज्ञानें आक्षेप घेतला कीं, रूढ लिपींतील टिंबें स्वरांचा चढउतार एका दृष्टिक्षेपांत दाखवितात, आंकडे मात्र एकेक करून वाचावे लागतात. भांडखोर म्हणून गाजलेल्या रूसोनें आत्मचरित्रांत हा आक्षेप निमूटपणें मान्य केला आहे. रामोशीं त्याचें पुढें हाडवैर झालें, हें लक्षांत घेतां ही गोष्ट लहान नव्हे.

१७५३ सालीं त्यानें फ्रेंच संगीतावर एक पत्र प्रसिद्ध केलें. फ्रेंचांना संगीत नाहीं आणि होणेंहि शक्य नाहीं, हा त्याचा निष्कर्ष. त्या वेळीं पॅरिसचें श्रेष्ठ न्यायमंडळ राजानें हद्दपार केलेलें असून लोक प्रक्षुब्ध होते. आपल्या पत्रामुळें तो सारा क्षोभ आपल्याकडे वळला व एक राज्यक्रांति टळली, असें रूसो स्वतः सांगतो. यांतली बढाई वजा करा. तरी ज्याला गाणें आणि राज्य एकाच श्वासांत आठवतें, त्याच्या ग्रंथांचीं कपाटें निराळीं करण्याचा अधिकार आम्हांस कोणीं दिला?

रामो म्हणे, संगीताचें मूळ स्वरसंवादांत आहे. रूसो म्हणे, नाहीं. तें मनुष्याच्या भावनेनें भरलेल्या आवाजांत आहे. कितीहि कंठ गावोत, कानाला गाणें एकच ऐकूं आलें पाहिजे. १७६१ च्या 'ज्युली' कादंबरींत द्राक्षें खुडणारे लोक रात्रीं एका सुरांत गातात, त्यापरता सुंदर स्वरमेळ त्याला दुसरा वाटत नाहीं. अनेकांची इच्छा एक होणें, ही 'करारा'तील कल्पना हेंच गाणें नव्हे काय? हें ज्यानें ऐकलें नाहीं, तो 'सामान्य इच्छा' म्हणजे मतांची बेरीज समजून बसतो.

येथें आमचे रागप्रेमी वाचक खुलतील: आमच्याकडेहि स्वरसंवाद नाहीं, तेव्हां रूसो आमचाच! जरा थांबा. दोन गवई यमन गातात तेव्हां यमन एक आणि गाणीं दोन असतात. शंभर जणांनीं एकच चीज एका सुरांत म्हटली तर तें भजन होईल, मैफल होणार नाहीं. रूसोच्या राज्यांत मात्र मैफलीला जागा नाहीं. सामान्य इच्छेबाहेर जाणाऱ्यास बळानें वठणीवर आणावें, आणि यालाच त्याला स्वतंत्र करणें म्हणावें, असें तो बेधडक लिहितो! एका सुराच्या मोहाचा हा परिणाम आहे, आणि तो संगीतकोश बंद ठेवून समजावयाचा नाहीं.

आतां पोलंड. रशियाविरुद्ध उठलेल्या बार येथील संघाच्या वतीनें काउंट वील्होर्स्कीनें त्याचा सल्ला मागितला. १७७१-७२ च्या सुमारास पुस्तक लिहून झालें आणि लेखकाच्या मृत्यूनंतर १७८२ सालीं छापलें गेलें. संरक्षणाची सिद्धता त्यानें सांगितली ती तोफांची नव्हे. पगारी फौज नको, किल्ले नकोत. प्रत्येक नागरिक कर्तव्य म्हणून शिपाई असावा, मुलांनीं चारचौघांच्या देखत एकत्र खेळावें, सण राष्ट्राचे असावे. शेजारी गिळतील तर गिळोत, त्यांना पचतां कामा नये. १७७२, १७९३ व १७९५ अशा तीन वेळां पोलंडची फाळणी झाली, आणि १९१८ सालीं तें राष्ट्र पुन्हां उभें राहिलें. ही भिडेची कामगिरी असेल तर अशा भिडेस आमचा नमस्कार.

परंतु जमिनीला जखडलेल्या कुळांविषयीं तो कचरला. त्यांना मुक्त करा, पण सावकाश. आधीं त्यांना स्वातंत्र्यास पात्र करा, असा त्याचा उपदेश. समतेच्या आचार्यानें हें लिहावें! ४ एप्रिल १७९४ रोजीं रात्स्लाविट्से येथें विळ्याचीं पातीं दांड्यांना सरळ ठोकून हेच शेतकरी रशियन तोफांवर तुटून पडले आणि त्यांनीं त्या काबीज केल्या. त्यांची पात्रता कोणींहि तपासली नव्हती. कोशियुस्कोनें त्यांची वेठ कमी करणारा जाहीरनामा काढला तो त्यानंतर, ७ मे रोजीं.