आरोग्य-विचार : खिन्न मन आणि मेंदूंतील एक दार

घरांतील कर्तें माणूस हळूहळू अबोल होतें, अन्नावरची वासना उडते, पहांटे अकालीं जाग येते, आवडीच्या कामांतही गोडी उरत नाहीं. अशा वेळीं आपण सुशिक्षित म्हणविणारे लोक काय करतों? ‘मन घट्ट करा’, ‘चार माणसांत मिसळा’ असा उपदेश करतों, आणि त्यानें गुण आला नाहीं कीं दोष रोग्याच्याच माथीं मारतों. हा न्याय किती चुकीचा आहे, हें मेंदूविषयींच्या अलीकडील संशोधनावरून आमच्या वाचकांच्या सहज ध्यानांत येईल.

‘अजिनोमोटो’ ही पांढरी पूड पुष्कळ गृहिणींस ठाऊक आहे. १९०८ सालीं जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनीं समुद्रांतील एका वनस्पतीपासून जें रुचिद्रव्य वेगळें काढलें, तेंच हें ग्लुटामेट. आपल्या मेंदूंत एका मज्जापेशीनें दुसरीस चेतविण्याचें मुख्य साधनही तेंच. मात्र मेंदू तें स्वतःच तयार करतो, पूड खाऊन त्यांत सहसा भर पडत नाहीं. पेशीच्या पृष्ठभागावर हें द्रव्य स्वीकारणारे जे ‘ग्राही’ असतात, त्यांतील ‘एनएमडीए’ नांवाचा ग्राही म्हणजे जणूं दोन किल्ल्यांचें दार आहे. ग्लुटामेट व ग्लायसीन हीं दोन्ही द्रव्यें त्यावर बसावीं लागतात. शिवाय दारांत अडसराप्रमाणें बसलेला मॅग्नेशियमचा कण, पेशी अगोदरच चेतलेली असल्याखेरीज, हलत नाहीं. हें सर्व जुळून आलें म्हणजे कॅल्शियम आंत शिरतें आणि पेशीपेशींतील संबंध दृढ होतात. शिकणें व स्मरण यांचा एक मोठा आधार तोच.

आतां याचा खिन्नतेशीं संबंध कसा लागला तें पाहूं. १९६२ सालीं अमेरिकेंत केटामीन नांवाचें औषध तयार झालें व १९७० सालीं तेथें तें भूल देण्यासाठीं मान्य झालें. तें वरील दार अडवून धरतें. २००० सालीं येल विद्यापीठांतील डॉक्टरांनीं मोजक्या खिन्न रोग्यांवर त्याची अल्प मात्रा योजून पाहिली, तों तीन दिवसांत सुधारणा दिसली. पुढें २००६ सालीं कार्लोस झराटे व त्यांचे सहकारी यांनीं अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेंत, इतर औषधांस न जुमानणाऱ्या रोग्यांना तें शिरेंतून दिलें. नेहमींच्या औषधांस गुण दाखवावयास कित्येक आठवडे लागतात. येथें दोन तासांच्या आंत फरक पडला, आणि दुसऱ्या दिवशीं सतरांपैकीं बारा जणांचीं लक्षणें निम्म्यानें किंवा त्याहून अधिक ओसरलीं.

परंतु येथें उतावीळपणा नको. आठवडाभर गुण टिकला तो सुमारें एक-तृतीयांश रोग्यांचाच. तेंच दार अडविणारें मेमॅन्टीन हें औषध खिन्नतेवर असें उपयोगी पडलें नाहीं. तेव्हां दार बंद झाल्यानेंच बरें वाटतें, कीं त्यामागून पेशींना फुटणाऱ्या नव्या अंकुरांमुळें, हा वाद शास्त्रज्ञांत अजून मिटलेला नाहीं. शिवाय केटामीननें भ्रम होऊं शकतो, रक्तदाब चढतो, व्यसन जडण्याचें भय असतें आणि दीर्घ सेवनानें मूत्राशयास अपाय होतो. म्हणूनच २०१९ सालीं अमेरिकेंत त्याच जातीचें नाकांत फवारण्याचें औषध मान्य झालें, तेंही दवाखान्यांत घेऊन निदान दोन तास देखरेखीखालीं राहण्याच्या अटीवर.

मग आपल्या कुटुंबांनीं यांतून काय घ्यावें? एवढेंच कीं, वर्षानुवर्षांच्या उपदेशानें जें मन हललें नाहीं, तें एका द्रव्याच्या अल्प मात्रेनें दोन तासांत हलूं शकत असेल, तर तें मन दुबळें नव्हतें, आजारी होतें. मधुमेह झालेल्यास ‘मन घट्ट करा, साखर उतरेल’ असें आपण सांगत नाहीं. खिन्न माणसास वेळींच मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावें. चालू औषध आपल्या मतानें थांबवूं नये. आणि जिवाचें बरेंवाईट करण्याची भाषा निघाल्यास ती पोकळ धमकी न समजतां त्यास एकटें सोडूं नये. सरकारची ‘टेलि-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. औषध डॉक्टर देतील. पण रोग्यास त्यांच्या दारापर्यंत नेणारा हात घरचाच असावा लागतो. तो पुढें करतांना तोंडांत दूषण नसावें, इतकीच आमची विनंति आहे.