होडीचे बूड रंगाखाली झाकू नका

मे महिना आला, उजनीचे पाणी उतरले, की काठावर होड्या पालथ्या पडतात आणि रंगाचे डबे उघडतात. निळा नाहीतर हिरवा ऑइलपेंट, दोन ब्रश, एक दुपार. संध्याकाळी होडी नवीकोरी दिसते. सोसायटीच्या बैठकीत बिल मंजूर, सगळे खूश! आमच्याकडची अ‍ॅल्युमिनियमची जुनी मासेमारी होडी अशी सात-आठ वेळा रंगवून झाली. गेल्या पावसाळ्यात ऐन पाण्यात ती बुडातून गळू लागली, तेव्हा काठाला आणून रंगाचा पापुद्रा नखाने उचलला. खाली पांढरी भुकटी, आणि भुकटीखाली सुईच्या टोकाएवढी छिद्रे.

अ‍ॅल्युमिनियम म्हणजे लोखंड नव्हे, ही साधी गोष्ट आपण विसरतो. लोखंड रंगाशिवाय गंजते. अ‍ॅल्युमिनियमवर मात्र हवा लागताच स्वतःचेच पातळ कवच चढते, आणि धरणाच्या गोड्या पाण्यात ते सहसा पुरते. बुडाला अजिबात रंग नसला तरी चालते. माझे तर मत असे, की अर्धवट सुटलेल्या रंगापेक्षा उघडा पत्रा शंभर पटीने बरा. पापुद्र्याखाली ओल कोंडते, हवा पोचत नाही, कवच पुन्हा धरत नाही आणि पत्रा तिथेच खाल्ला जातो.

दुसरे दुखणे आपण शेतकऱ्यांनीच आणले आहे. होडीतून काय फक्त मासे जातात? पलीकडच्या रानातले खत, औषध, पंप, सगळे तिच्यातूनच. लाल पोटॅशची गोणी ओल्या बुडावर ठेवली, की त्यातले क्लोराइड पत्र्याला खड्डे पाडते. डाळिंबावर, द्राक्षावर मारायचे बोर्डो मिश्रण त्याहून वाईट. मोरचुदातले तांबे पत्र्यावर बसते, आणि ओल मिळाली की त्या कणाभोवतीचा अ‍ॅल्युमिनियम झिजत जातो. शिवाय त्यात चुना, तोही याचा वैरी. तांब्याच्या वायरचे तुकडे बुडात पडून राहिले तरी तेच. फवारणीचा पंप होडीत धुणाऱ्याला खरे तर दंड केला पाहिजे. मीही धुतलेला आहे, हे कबूल करतो.

आता काम कसे करावे? होडी पालथी घालण्याआधी सुलटी ठेवा, ओंडक्यांवर बुडाला सगळीकडे आधार द्या आणि आत घोटाभर पाणी भरा. बाहेर जिथे थेंब धरेल तिथे खडूने खूण करा. शिसपेन्सिल नको, तिच्यातले ग्राफाइटही या पत्र्याला बाधते. मग जुना रंग रिमूव्हरने मऊ करून लाकडी पट्टीने काढावा. तो अ‍ॅल्युमिनियमला चालतो का, हे डब्यावर आधी वाचावे. कॉस्टिक सोड्याने रंग झटपट निघतो, पण त्याबरोबर पत्राही निघतो! लोखंडी तारेचा ब्रश नको, त्याचे कण रुतून बसतात. कोरडे घासू नये. जुन्या रंगात शिसे असू शकते, ती धूळ नाकातोंडात जाते.

ढिला रिव्हेट एकाने बाहेरून जड ठोकळा धरून दुसऱ्याने आतून ठोकावा. बदलायचा तर अ‍ॅल्युमिनियमचाच. भोक मोठे असेल तर तालुक्याला आर्गन वेल्डिंगवाला गाठा, गावातल्या ग्रीलवाल्याकडे नेऊ नका. हा धातू ६६० अंशांना वितळतो, आणि वितळण्याआधी लोखंडासारखा लाल होऊन इशारा देत नाही. बघता बघता बोटाएवढ्या भोकाचे वाटीएवढे होते.

एवढे करून रंग हवाच असेल, तर रेड ऑक्साइड बाजूला ठेवा. अ‍ॅल्युमिनियमसाठीचा एचिंग किंवा इपॉक्सी प्रायमर, तोही पत्रा घासून-पुसून झाल्यावर त्याच दिवशी.

यात सामानाचा खर्च थोडा, मजुरी जास्त. आणि आमच्या बैठकीत मजुरीच्याच बिलावर बोट ठेवले जाते. रंग दिसतो, ठोकलेला रिव्हेट दिसत नाही. २१ मे २०२४ रोजी कुगावहून कळाशीकडे येणारी होडी वादळात उलटली, सहा जीव गेले. तिथे घात वाऱ्याने केला. पण आपली माणसे रोज कशाच्या भरवशावर पाण्यात जातात, हे त्या दिवशी तरी कळायला हवे होते. आमच्या गावात त्यानंतरही बूड तपासायचा विषय कोणी काढला नाही. सरपंच आणि पंचायतीचे अधिकारी पावसाळ्यापूर्वी नालेसफाई बघतात, विहिरीत औषध टाकतात. त्याच फेरीत काठावर येऊन प्रत्येक होडीत दहा बादल्या पाणी ओतून पाहायला काय लागते?

आमच्या होडीत परवा ओतले. अकरा ठिकाणी खडूच्या खुणा झाल्या. रिव्हेट ठोकणारा कारागीर सोमवारी यायचा आहे. निळ्या रंगाचा डबा मात्र कोणीतरी आधीच आणून ठेवला आहे.