स्टेडियम भरले, दरवाजा उघडला काय?

अमेरिकेत ज्याला ‘कंट्री’ संगीत म्हणतात ते दक्षिणेकडच्या खेड्यापाड्यांचे, शेतावर राबणाऱ्यांचे, गुराख्यांचे गाणे. हे गाणे गोऱ्यांचेच, असा समज तिथल्या संगीत व्यवसायाने शंभर वर्षे जाणीवपूर्वक जोपासला. त्याच कंट्री संगीताचा आजवरचा सर्वाधिक कमाईचा दौरा २०२५ साली एका कृष्णवर्णीय स्त्रीने करून दाखवला. टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहराची बियॉन्से. ‘काउबॉय कार्टर’ हा तिचा अल्बम मार्च २०२४ मध्ये आला आणि त्याच नावाचा दौरा २८ एप्रिल ते २६ जुलै २०२५ या काळात लॉस एंजेलिस, शिकागो, लंडन, पॅरिस, ह्यूस्टन, अटलांटा अशा शहरांतल्या स्टेडियममधून झाला. ३२ कार्यक्रम, सुमारे १६ लाख तिकिटे, ४० कोटी डॉलरहून अधिक गल्ला. काउबॉय टोप्या आणि उंच बूट घालून काळ्या मायलेकी हजारोंनी आल्या. जी टोपी सिनेमाने फक्त गोऱ्या नायकाच्या डोक्यावर दाखवली, ती त्यांनी हक्काने डोक्यावर चढवली.

हा आनंद आमचाही आहे. जोतीरावांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ लिहिले आणि ते निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते हार्लेमच्या काळ्या वस्तीला लागूनच आहे. १९४६ साली त्यांनी द्यू बॉइस यांना पत्र लिहून, निग्रोंनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. १९७२ च्या दलित पँथरने आपले नाव कुठून घेतले, हे तर वाचकांना सांगायला नको. तेव्हा हे नाते आजचे नाही, आणि म्हणूनच टाळ्या वाजवून झाल्यावर एक प्रश्न विचारण्याचा हक्क आम्हाला आहे. स्टेडियम भरले म्हणजे दरवाजा उघडला काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये नॅशव्हिल येथे कंट्री म्युझिक असोसिएशनचा वार्षिक पुरस्कार सोहळा झाला. त्याच वर्षी बियॉन्सेचे गाणे ‘बिलबोर्ड’च्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर गेले होते. तिथे पोहोचणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. या सोहळ्यात तिला किती नामांकने मिळाली? एकही नाही. आणि वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा, म्हणजे सर्वांत मोठा पुरस्कार कोणाला मिळाला? मॉर्गन वॉलेन या गोऱ्या गायकाला.

हा वॉलेन कोण? फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याची एक चित्रफीत बाहेर आली. रात्री घरी परतताना तो काळ्यांसाठी वापरली जाणारी ती घाणेरडी शिवी मोठ्याने हासडताना त्यात दिसतो. रेडिओ केंद्रांनी त्याची गाणी थांबवली, कंपनीने त्याला तात्पुरते दूर केले, त्याने जाहीर माफीही मागितली. ती माफी मनापासून होती की नाही, हे त्याचे त्याला ठाऊक. आम्हाला बोलायचे आहे ते श्रोत्यांबद्दल. चित्रफीत बाहेर येताच त्याच्या अल्बमची विक्री घटली नाही, उलट वाढली. तो अल्बम सलग दहा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिला. दोन वर्षांनी, २०२३ मध्ये, वॉलेन मोठमोठी स्टेडियम भरत देशभर फिरला. तिकीट काढणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी होता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. अनेकांना फक्त गाणे आवडत असेल. पण ज्या आठवड्यात शिवी ऐकू आली त्याच आठवड्यात अल्बम घ्यायला धावणाऱ्या माणसाला नेमके काय आवडले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. गर्दीचे प्रेम निष्पाप असते, हा भ्रम आपण इथे जत्रांतून आणि मिरवणुकांतून पुरता अनुभवला आहे.

आता ज्या वाद्यावाचून कंट्री संगीताची कल्पनाही करता येत नाही त्या बँजोचे पाहा. भोपळ्याच्या खोक्यावर कातडे ताणून तारा लावलेले हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून धरून नेलेल्या गुलामांच्या हातांनी कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत घडले. एकोणिसाव्या शतकात गोऱ्या नटांनी तोंडाला काजळी फासून, काळ्यांची टिंगल करण्यासाठी ते रंगमंचावर आणले, आणि पुढे ते डोंगरातल्या गोऱ्या शेतकऱ्याचे पिढीजात वाद्य ठरले. कार्टर कुटुंब हे कंट्रीचे आद्य घराणे मानले जाते. त्या घराण्याचा प्रमुख गाणी गोळा करत हिंडे तेव्हा चाली लक्षात ठेवायला सोबत असे लेस्ली रिडल हा काळा गिटारवादक. हँक विल्यम्सला गिटार शिकवणारा रूफस पेन हाही काळा, रस्त्यावर गाणारा. १९२० च्या दशकात ध्वनिमुद्रण कंपन्या दक्षिणेत उतरल्या. त्यांनी काळ्यांच्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ म्हटले आणि गोऱ्यांच्या तबकड्यांना ‘हिलबिली’. गाणी पुष्कळदा तीच, वाद्येही तीच, पण पाणवठे दोन. आमच्या वाचकांना याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हलगी घुमल्याशिवाय गावचा उत्सव सुरू होत नाही, आणि हलगी वाजवणारा मात्र देवळाच्या पायरीखाली.

डीफोर्ड बेली याची कहाणी मुद्दाम सांगितली पाहिजे. १८९९ साली टेनेसीत जन्मलेला, गुलामाचा नातू. लहानपणी पोलिओ झाला, शरीर खुजे राहिले. तोंडाने वाजवायच्या बाजावर धावत्या आगगाडीचा आवाज तो असा काढी की रेडिओपुढे बसलेल्यांना गाडी दारातून गेल्यासारखे वाटे. नॅशव्हिलच्या ज्या रेडिओ कार्यक्रमाला आज कंट्रीची काशी मानतात त्या ‘ग्रँड ओल ऑप्री’ला हे नाव १९२७ साली मिळाले, ते बेलीच्या वादनाची ओळख करून देताना निवेदकाच्या तोंडून निघालेल्या एका शब्दखेळातून. म्हणजे बारसे झाले ते याच्या मांडवात. पण दौऱ्यावर गेल्यावर सोबतचे गोरे कलाकार ज्या हॉटेलात उतरत तिथे बेलीला जागा नव्हती. १९४१ साली त्याला कार्यक्रमातून काढून टाकले, आणि त्याच निवेदकाने पुढे कार्यक्रमाचा इतिहास लिहिताना त्याच्यावर आळशीपणाचा शिक्का मारला. तोही एकट्यावर नव्हे, त्याच्या वंशाचा उल्लेख करून. बेलीने मग नॅशव्हिलमध्येच बूट पॉलिशचे दुकान चालवून पोट भरले. १९८२ साली तो वारला. कंट्री संगीताच्या सन्मान दालनात त्याचे नाव लागले ते २००५ साली, मृत्यूनंतर तेवीस वर्षांनी. माणूस जिवंत असताना हाकलायचा आणि मेल्यावर पाटी लावायची, ही रीत आपल्याकडेही चांगलीच रुजलेली आहे.

बियॉन्सेने या इतिहासाची जाण ठेवली. ऑप्रीच्या मंचावर एकटीने गाणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री लिंडा मार्टेल १९६९ साली तिथे उभी राहिली होती आणि नंतर विस्मृतीत ढकलली गेली होती. ‘काउबॉय कार्टर’मध्ये तिचा आवाज आहे. पण म्हणून बियॉन्सेच्या सगळ्याच गोष्टींना आम्ही माना डोलवणार नाही. तिकिटांचे दर असे की कापूस वेचणाऱ्यांच्या नातवंडांपैकी अनेकांना स्टेडियमच्या बाहेरूनच आवाज ऐकावा लागला असेल. पॅरिसच्या कार्यक्रमात तिने ‘बफेलो सोल्जर्स’ या काळ्या सैनिकांचे चित्र असलेला शर्ट घातला. त्याच्या पाठीवरच्या मजकुरात अमेरिकेच्या आदिवासींना शांततेच्या शत्रूंत गणले होते. आदिवासींनी निषेध केला, तो रास्तच होता. मालकाच्या सैन्यात राहून दुसऱ्या पीडिताची जमीन हिसकावण्यात अभिमान कसला?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ग्रॅमीने तिला वर्षातील सर्वोत्कृष्ट अल्बमचा आणि सर्वोत्कृष्ट कंट्री अल्बमचा, असे दोन्ही पुरस्कार दिले. कंट्री अल्बमचा हा पुरस्कार मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. परंतु ग्रॅमी साऱ्या संगीत व्यवसायाची, आणि नॅशव्हिल ही कंट्रीवाल्यांची स्वतःची गढी. गढीत कोणते गाणे रेडिओवर लागणार, कोणाला करार मिळणार, नामांकनाला कोण मत देणार हे ठरते. बियॉन्सेकडे पैसा आणि जगभर नाव आहे, म्हणून ती गढीला वळसा घालून थेट स्टेडियमात पोहोचली. ज्या काळ्या मुलीकडे फक्त गिटार आहे तिला वळसा घालता येत नाही. तिला त्याच दारातून जावे लागते.

त्या दारातून एकेकाळी एक जण गेला होता. चार्ली प्राइड, मिसिसिपीतल्या खंडकरी शेतमजुराचा मुलगा. त्याच्या पहिल्या तबकड्या कंपनीने रेडिओ केंद्रांकडे पाठवल्या त्या फोटो न जोडता. आवाज ऐकून सर्वांनी तो गोरा समजला. १९६६ साली डेट्रॉइटच्या ऑलिंपिया स्टेडियममध्ये त्याचे नाव पुकारले तेव्हा टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि तो प्रकाशात येताच टाळ्या विरल्या. प्राइडने आपल्या कायमच्या सावळ्या कातडीवर स्वतःच एक विनोद केला, मग लोक हसले, मग त्याने गायला सुरुवात केली. आपल्याच कातडीवर विनोद करून प्रवेश मिळवण्याची पाळी त्या स्टेडियममधल्या दुसऱ्या कुठल्या गायकावर आली असेल? पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, कंट्री म्युझिक असोसिएशनने त्याला वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंत ठरवले. तोच पुरस्कार, जो २०२४ मध्ये वॉलेनला मिळाला. प्राइड डिसेंबर २०२० मध्ये कोविडने गेला. त्या पुरस्काराच्या यादीत त्याच्यानंतर २०२५ पर्यंत दुसरे कृष्णवर्णीय नाव आलेले नाही.