गिअरबॉक्स मोडला म्हणून बाजार सोडायचा का?

दुसरी वेचणी घरात आली आहे, घरातली एक खोली कापसाने गच्च भरली आहे आणि दारातल्या लिंबाखाली जुना ट्रक गिअरबॉक्स मोडून उभा आहे. कोरडवाहू भागात हे चित्र नवे नाही. अशा वेळी गावात फिरणारा व्यापारी बरोबर त्याच दारी येतो. काटा त्याचा, भाव त्याचा आणि 'गाडी नाही तर नेणार कशात?' हा प्रश्नही त्याचाच. हमीभाव खरेदी केंद्रावर मिळतो, बांधावर मिळत नाही. ज्याच्या हाती गाडी नाही त्याच्या हाती भावही नाही.

१९७२ साली राज्यात कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली. त्या काळात गाडी धडधाकट असली तरी कापूस घेऊन राज्याची सीमा ओलांडता येत नव्हती. ती बेडी तुटली. आता वाट मोकळी आहे आणि गाडी मात्र लोखंडाच्या एका पेटीपायी अडली आहे. म्हणून या अंकाचे संपादकीय आम्ही गिअरबॉक्सवर लिहीत आहोत. ज्यांना हा विषय क्षुल्लक वाटतो त्यांनी भर हंगामात तीन आठवडे गाडी उभी ठेवून पाहावी.

आम्ही ती ठेवली आहे. पाच घरांची मिळून १९९६ सालची टाटा चारशेसात. कापूस, ज्वारी, उन्हाळ्यात कडबा, सगळे तिच्यावर. तिसऱ्या गिअरला घरघर सुरू झाली तेव्हा आम्ही 'हंगाम जाऊ द्या' म्हटले. मागच्या सीलमधून तेल गळत होते, तेही पाहिले आणि सोडून दिले. गिअरबॉक्स कोरडा चालला आणि एका सकाळी आतली बेअरिंग फुटली. दोष गाडीचा नव्हता, आमचा होता. तेलाचे पैसे वाचवले आणि भावात त्याच्या कितीतरी पट घालवले.

पुढची चूक याहून मोठी. घाईघाईने दूरच्या शहरातल्या भंगार बाजारात गेलो, 'चारशेसातचाच आहे' एवढ्या शब्दावर एक गिअरबॉक्स उचलून आणला. बसवायला घेतला तर इनपुट शाफ्टचे दाते आमच्या क्लच प्लेटमध्ये जाईनात. विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. दुष्काळात तेरावा महिना! शेवटी तालुक्याच्या एका मिस्त्रीने दोन्ही गिअरबॉक्स उघडले. जुन्यात बेअरिंगा, एक सिंक्रो रिंग आणि तिसऱ्या गिअरची जोडी एवढेच गेले होते. गिअरची जोडी आणलेल्या पेटीतली बसली, बेअरिंगा आणि रिंग नव्या घेतल्या. दोन निकामी पेट्यांतून एक चालू पेटी झाली. हेच पहिल्या दिवशी केले असते तर?

म्हणून आमचे पहिले सांगणे असे की, गिअरबॉक्स शोधायला निघण्याआधी तो खरोखर मेला आहे का ते पाहा. कोणताच गिअर सरळ पडत नसेल तर आधी क्लच तपासा. पुष्कळदा क्लच पुरता सुटत नसतो आणि बदनाम गिअरबॉक्स होतो. एकच गिअर कुरकुरत पडत असेल तर बहुधा त्याची सिंक्रो रिंग झिजलेली असते. गाडी न्यूट्रलमध्ये असताना आवाज येतो आणि क्लच दाबला की थांबतो, तर संशय बेअरिंगवर घ्यावा. चालत्या गाडीत गिअर आपोआप निसटतो, तर फोर्क, त्याची स्प्रिंग-गोळी किंवा गिअरचे दाते झिजले असतील. तेल काढून बोटांवर चोळा. बारीक चमक असेल तर ती झीज आहे. कण हाताला टोचले तर आत काहीतरी तुटले आहे, त्यानंतर गाडी एक मैलही पुढे नेऊ नये.

दुसरा घ्यायचाच असेल तर नावावर आणि सालावर विसंबू नका. एकाच नावाच्या गाडीत वर्षागणिक गिअरबॉक्स बदललेले असतात. आपला जुना पेटारा सोबत न्या. नेता येत नसेल तर मापे कागदावर लिहून न्या: पेटीवरच्या पाटीचा नंबर, इनपुट शाफ्टच्या दात्यांची संख्या आणि जाडी, इंजिनाला जोडणाऱ्या बोल्टांच्या भोकांची जागा, पेटीची लांबी, मागे प्रॉपेलर शाफ्ट जोडतो तिथली भोके, स्पीडोमीटरच्या केबलची जागा, गिअरच्या दांड्याची जागा. क्लच प्लेट बरोबर न्यावी आणि तिथेच शाफ्टवर घालून पाहावी.

आणखी एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. प्रत्येक गिअरमध्ये पुढचा शाफ्ट हाताने फिरवा आणि मागचा एक फेरा होईपर्यंत पुढचे किती फेरे होतात ते मोजा. जुन्याचे आणि नव्याचे गणित जुळले पाहिजे. वेगाच्या गाडीचा गिअरबॉक्स ओझ्याच्या गाडीला बसला तरी भरल्या गाडीने चढ चढताना रडतो. वरचे झाकण उघडून दाते पाहिल्याशिवाय, शाफ्ट हलवून ढिलेपणा पाहिल्याशिवाय आणि कवचाला तडा किंवा वेल्डिंग नाही याची खात्री केल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पक्के बिल घ्यावे, त्यावर 'न जुळल्यास परत' लिहून घ्यावे. आर.सी. बुकात चासीचा आणि इंजिनाचा नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. त्याच जातीचा गिअरबॉक्स बदलला तर कागद बदलावे लागत नाहीत ही सोय आहे. पण चोरीचा माल याच वाटेने फिरतो, हेही लक्षात ठेवा. बसवल्यावर गाडीच्या पुस्तकात सांगितले आहे त्याच प्रतीचे तेल भरावे. दुकानदार देईल ते नको.

आता सरकार आणि कंपन्यांबद्दल. 'जुनी गाडी कशाला ठेवता, नवी घ्या' असा सल्ला देणाऱ्यांची कमी नाही. हप्ता कोण भरणार ते मात्र कोणी सांगत नाही. जुनी गाडी दुरुस्त करून वापरणे हा मागासलेपणा नाही, तो हिशोब आहे. मग दुरुस्तीची वाट मोकळी हवी. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि तपासणीची साधने खुल्या बाजारात, स्वतंत्र मिस्त्रींना मिळू दिली जात नाहीत, असा ठपका होता. पुढे प्रकरण अपिलात आणि न्यायालयांत गेले. तो निकाल मोटारींपुरता होता, पण त्यातले तत्त्व ट्रकलाही लागू आहे. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कावर समिती नेमली आणि शेतीची अवजारे व वाहने दोन्ही तिच्या विषयांत घेतली. समित्यांनी आमचा कापूस बाजारात जात नाही. भागाचा नंबर, तो कोणकोणत्या सालच्या गाडीला चालतो याची यादी आणि तो भाग, या तिन्ही गोष्टी कोणत्याही मिस्त्रीला विकत मिळाल्या पाहिजेत.

कराचेही तसेच. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर ५ टक्के जी.एस.टी. आहे आणि ट्रकच्या गिअरबॉक्सवर १८ टक्के. आधीच्या २८ पेक्षा तो कमी झाला हे खरे. पण तोच शेतकरी, तोच कापूस, तोच रस्ता. ट्रॉलीतून नेला तर शेती आणि ट्रकमधून नेला तर व्यापार, हा न्याय आम्हाला समजलेला नाही.

शेतकरी भावांनो, मायबहिणींनो, मागण्या करायच्याच आहेत, पण तोवर हात बांधून बसायचे नाही. पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात कोणत्या जुन्या गाड्या चालू आहेत, कोणत्या उभ्या आहेत, कोणाच्या गोठ्यात कोणत्या नंबरचा गिअरबॉक्स पडून आहे आणि पेटी उघडून दाखवणारा भरवशाचा मिस्त्री कुठे आहे, एवढेच लिहायचे. सगळ्या कागदांची मिळून जिल्ह्याची एक यादी करू. एका गावात गंजत पडलेला गिअरबॉक्स दुसऱ्या गावाचा हंगाम वाचवू शकतो.

आणि बैठकीला निघण्यापूर्वी गाडीखाली वाकून एकदा पाहा, तेल गळते आहे का.