बिटकॉइनचा भाव थाऱ्यावर येईल काय?

पहिल्या वेचणीचा कापूस हिंगणघाटच्या बाजारात विकून माझा पुतण्या परवा थेट आमच्या घरी आला. चुकारा खात्यात जमा झाला होता. चहा घेता घेता त्याने मोबाईल पुढे केला. "काका, यातले लाखभर बिटकॉइनमध्ये टाकावे म्हणतो. आता त्याचा भाव पहिल्यासारखा नाचत नाही. पाच-दहा वर्षांत सोन्यासारखा थाऱ्यावर येईल म्हणतात." स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींचा आवाज आला, "कापसाचा तरी आला का थाऱ्यावर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आज खेड्यापाड्यांतली शिकलेली मुले हाच विचार करीत आहेत, आणि त्यांना नुसते "जुगार आहे" म्हणून गप्प बसवता येत नाही. मुलगा म्हणतो त्यात तथ्यही आहे. २००९ च्या जानेवारीत हे नाणे अवतरले. २०१० च्या मे महिन्यात अमेरिकेत एकाने दोन पिझ्झांसाठी दहा हजार बिटकॉइन मोजली. त्या काळातल्या उड्यांच्या मानाने आजचे चढउतार सौम्य आहेत. बाजार मोठा झाला, २०२४ पासून अमेरिकेतल्या शेअरबाजारातून बिटकॉइनचे फंड मिळू लागले. डबक्यात दगड पडला तर जेवढ्या लाटा उठतात तेवढ्या तलावात उठत नाहीत, हे खरेच.

पण लाटा लहान होणे वेगळे आणि पाणी स्थिर होणे वेगळे. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनला एकोणसत्तर हजार डॉलरच्या आसपास भाव होता. वर्षभरात तो सोळा हजारांच्या खाली आला. ऑक्टोबर २०२५ मध्ये सव्वा लाखाच्या वर गेला आणि पुढच्याच महिन्यात नव्वद हजारांच्या खाली उतरला. ज्याला आपण पैसा म्हणतो तो असा वागू लागला, तर वाण्याने तुरीच्या डाळीचा भाव पाटीवर लिहायचा तरी कसा?

याचे कारण आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला समजावून सांगणे सोपे आहे. कापसाचा भाव चढला की पुढल्या मृगात शेतकरी सोयाबीनचे वावर कमी करून पऱ्हाटी वाढवतो. माल वाढतो, भाव उतरतो. १८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली, तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे मोल आले. वर्धा जिल्हा नागपूरपासून वेगळा झाला तो याच धामधुमीत, १८६२ साली. मुंबईत तर त्या पैशाने माणसे वेडी झाली. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. १८६५ मध्ये युद्ध संपल्याची वार्ता आली आणि पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या कोसळल्या. कापूस मात्र उरला. भाव पडला तरी त्याचे सूत निघत होते, सरकीचे तेल निघत होते.

बिटकॉइनची गोष्ट उलटी आहे. भाव दसपट झाला तरी त्याचे पीक वाढत नाही. एकूण दोन कोटी दहा लाखांच्या वर ती निघणारच नाहीत, असा नियम त्यात घालून दिलेला आहे. जास्त लोक यंत्रे लावून बसले की गणित आपोआप अवघड होते आणि उत्पन्न होते तेवढेच राहते. दर चार वर्षांनी तर ते निम्मे होते. म्हणजे मागणीचा सारा धक्का एकट्या भावालाच सोसावा लागतो. पुरवठा खुंट्याला बांधलेला असला की भाव मोकाट सुटणारच. भक्त ज्याला या नाण्याचा मोठा गुण मानतात, तोच त्याच्या अस्थैर्याचा उगम आहे. शिवाय ते घेणारे बहुतेक जण भाव वाढेल म्हणूनच घेतात. उद्या तो खरोखर स्थिर झाला तर यातले किती जण ते जवळ ठेवतील?

यावर "स्टेबलकॉइन" हा तोडगा निघाला: डॉलरशी जखडलेले नाणे. पण जखडणार कोण? ज्यांच्यामागे खरोखर डॉलर ठेवलेले असतात ती बरीचशी टिकतात, कारण तिथे देणेकरी आहे. मे २०२२ मध्ये टेरा नावाचे नाणे मात्र अवघ्या काही दिवसांत मातीमोल झाले. त्याचा मुख्य आधार दुसऱ्या एका तशाच नाण्याचा होता. २०२५-२६ साठी मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव आहे. तो पुरेसा की अपुरा, यावर बोलायचे तर ही सारी पुरवणी पुरणार नाही. पण त्याखाली घेणारा कुणीतरी उभा आहे. बिटकॉइनखाली कोण उभे आहे?

सरकारी पैशावरचा अविश्वास काही सातोशी नाकामोतोपासून सुरू झालेला नाही. वर्ध्याच्या मगनवाडीत बसून कुमारप्पांनी युद्धकाळातल्या चलनवाढीवर कोरडे ओढले होते. १९४५ च्या सुमारास चरखा संघाने खादीच्या किमतीचा काही भाग सुताच्या रूपाने घ्यायला सुरुवात केली. पवनारला विनोबांनी कांचनमुक्तीचा प्रयोग मांडला. ते प्रयोग व्यवहारात फारसे चालले नाहीत, हे कबूल करावे लागेल. पण सुताच्या गुंडीमागे कुणाचे तरी तासभर चाललेले हात होते आणि तिचे कापड विणता येत होते. एवढा आधार मला या नव्या नाण्यात सापडत नाही. संगणकाने खर्चलेली वीज हा आधार होत नाही. चुलीत जाळलेल्या लाकडाने भाकरीची किंमत ठरत नसते.

पुतण्याला हे सगळे सांगितले. वर हेही सांगितले, की नफा झाला तर ३० टक्के कर आहे आणि तोटा झाला तर तो दुसऱ्या कशातून वजा करता येत नाही. हे त्याला ठाऊक नव्हते. चेहरा जरा उतरला. "म्हणजे टाकूच नको?" मी म्हटले, "बुडाले तरी पेरणी अडणार नाही एवढे टाक."

सोमवारी त्याने आधी पीककर्ज भरले, मोटारीची दुरुस्ती केली आणि पाच हजारांचे बिटकॉइन घेतले. त्यांचे आज किती झाले ते मी विचारत नाही, आणि तोही सांगत नाही.